छातीत दुखत नाही, तरी हृदयाला रक्त कमी. ‘मूक इस्केमिया’ कसा ओळखतात?

बेळगाव : ‘स्टेंट टाकून दोन वर्षं झाली, छातीत एकदाही दुखलं नाही. मग आता गोळ्या कशाला?’ असं म्हणणारे प्रत्येक गल्लीत एक-दोघं तरी भेटतात. पण दुखत नाही म्हणजे सगळं ठीक, असा हिशेब हृदयाच्या बाबतीत मांडता येत नाही.

म्हणजे नेमकं काय?
हृदयाच्या स्नायूला लागतं तेवढं रक्त मिळत नाही, याला इस्केमिया म्हणतात. साधा मागणी-पुरवठ्याचा प्रश्न. धमनी अरुंद झालेली असते, चढ चढताना किंवा राग आला की मागणी वाढते आणि पुरवठा कमी पडतो. हे घडूनही काहीच जाणवलं नाही, तर तो ‘मूक’ म्हणजेच सायलेंट इस्केमिया. ज्यांना अधूनमधून छातीत दुखतं, त्यांच्यातही असे बरेचसे प्रसंग न दुखताच होऊन जातात. मधुमेहात मज्जातंतू कमजोर झाल्यानं वेदनेची सूचना पोहोचत नाही, म्हणून साखरेच्या रुग्णांनी जास्त सावध राहावं.

यात एक क्रमही आहे. रक्त कमी पडलं की आधी त्या भागाच्या स्नायूची हालचाल बिघडते, मग ईसीजी बदलतो आणि दुखणं येतं सर्वात शेवटी. पुष्कळदा येतच नाही.

तपासण्या कोणत्या?
साधा ईसीजी : झोपून काढलेला ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त होऊ नये. विश्रांतीत मागणीच कमी असते.

ट्रेडमिल टेस्ट : पट्ट्यावर चालवतात, साधारण दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढवतात. ईसीजीतला ‘एसटी’ भाग आडवा किंवा उतरता होऊन 1 मिलिमीटर किंवा अधिक खाली गेला, तर संशय येतो. महिलांमध्ये ही टेस्ट खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त असतं.

होल्टर : अंगाला लावलेलं छोटं यंत्र 24 ते 48 तास ईसीजी नोंदवतं. या काळात जिना चढलो, भांडण झालं, जेवलो, याच्या वेळा वहीत लिहाव्यात. असे प्रसंग सकाळी 6 ते दुपारी 12 या वेळात जास्त दिसतात.

स्ट्रेस इको आणि न्यूक्लिअर स्कॅन : पहिल्यात स्नायूची हालचाल, दुसऱ्यात रक्तपुरवठा थेट दिसतो. गुडघेदुखीमुळे चालता येत नसेल तर इंजेक्शन देऊन ही तपासणी करतात. ईसीजी मुळातच बदललेला असेल, तर ट्रेडमिलपेक्षा याच उपयोगी पडतात.

दरवर्षी करायच्या का?
सरसकट नाही. कोरियात 1,706 जोखमीच्या रुग्णांवर अभ्यास झाला. स्टेंटनंतर वर्षभरानं सरसकट स्ट्रेस टेस्ट केली, तरी 2 वर्षांत मृत्यू किंवा झटके लक्षणीयरीत्या कमी झाले नाहीत. तो 2022 मध्ये प्रसिद्ध झाला. त्याआधी 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, 37 देशांतल्या 5,179 स्थिर रुग्णांच्या ‘इस्केमिया’ अभ्यासातही, औषधांच्या जोडीला आधीच अँजिओग्राफी आणि गरजेनुसार स्टेंट-बायपास केल्यानं एकंदर मृत्यू घटले नाहीत. मुख्य डाव्या धमनीत मोठा अडथळा असलेले रुग्ण मात्र त्यात नव्हते.

म्हणजे रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की लगेच ऑपरेशन, असं नाही. गोळ्या, बीपी, साखर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखू बंद, हा उपचाराचा पाया आहे.

डॉक्टरांना कधी सांगायचं?
पूर्वी सहज चढायचो त्या जिन्यावर आता धाप लागते, विनाकारण थकवा किंवा घाम येतो, चालणं कमी झालंय, हे बदल आवर्जून सांगा. तपासणीची गरज यावरूनच ठरते. आपल्याकडे ऑपरेशन कोल्हापुरात, तपासणी बेळगावात आणि मुलगा पुण्यात, असं असतं. म्हणून जुने ईसीजी, इको आणि अँजिओग्राफीची सीडी एकाच फाईलमध्ये ठेवा. जुना ईसीजी शेजारी ठेवला, तरच नवा बदल कळतो.

अचानक धाप, दरदरून घाम, छातीत दाब किंवा जबडा-हात दुखणं सुरू झालं तर मात्र टेस्टची वाट पाहू नका. 108 ला फोन करा. कर्नाटक, महाराष्ट्र आणि गोवा, तिन्हीकडे हाच नंबर चालतो.

आणि गोळ्या? डॉक्टर सांगेपर्यंत बंद करायच्या नाहीत, दुखत नसलं तरी.