कॅन्सर नाही, मग शेक कशाला?

परवा रात्री आत्याचा फोन. "अरे, तू इंजिनियर ना, मग सांग मला. कॅन्सर नाही म्हणतात, तर शेक कशाला द्यायचा?"

जावामध्ये कोड लिहिणाऱ्याला हे विचारणं म्हणजे कमाल आहे. पण आत्याच्या लेखी इंजिनियर तो इंजिनियर. आतेबहिणीच्या डोक्यातली गाठ तीन वर्षांपूर्वी काढली होती. क्रॅनिओफॅरिंजिओमा असं लांबलचक नाव. आता त्याच जागी पुन्हा पाण्याची पिशवी दिसतेय. शनिवारभर वाचत बसलो, आणि उत्तर सापडलं ते इतिहासात.

गर्भात पिट्यूटरी ग्रंथीचा पुढचा भाग तोंडाच्या छतापासून वर सरकत जाऊन तयार होतो. त्या वाटेवर काही पेशी मागे राहतात. व्हिएन्नाच्या याकोब एर्डहाइमने १९०४ मध्ये या गाठींचा माग त्या पेशींपर्यंत नेला. (डिलीट करायचा राहून गेलेला कोड, दुसरं काय!) गाठ साधी, शरीरभर पसरत नाही. पण जागा बघा: खाली पिट्यूटरी, शेजारी डोळ्यांच्या नसा, वर भूक, तहान, झोप सांभाळणारा हायपोथॅलॅमस. त्यात सिस्ट मशीन ऑइलसारख्या दाट पाण्याने भरलेली. पाणी काढलं तरी ते बनवणारी भिंत तिथेच असते, म्हणून पुन्हा भरते. भिंत पूर्ण खरवडायला जावं तर नजर जाऊ शकते, नाहीतर पेशंट आयुष्यभर हार्मोनच्या गोळ्यांवर. सर्जन जितका जिद्दी, तितकी किंमत मोठी.

इथे येतो स्वीडनचा लार्स लेक्सेल. १९४९ मध्ये त्याने डोक्याला बसवायची एक धातूची चौकट प्रसिद्ध केली. तिच्या मापांवरून मेंदूतल्या कुठल्याही बिंदूपर्यंत बारीक सुई नेता यायची. शाळेतली एक्स, वाय, झेडची भूमिती! मग त्याने प्रश्नच उलटा केला. भिंत काढता येत नाही ना? मग राहू दे, तिला आतून शेकू. १९५२ मध्ये त्याने आणि भौतिकशास्त्रज्ञ कुर्ट लिदेनने सिस्टमध्ये किरणोत्सारी फॉस्फरस सोडण्याच्या प्रयोगाबद्दल लिहिलं. फॉस्फरस-३२ चे बीटा किरण काही मिलिमीटरच जातात, म्हणजे मारा मुख्यतः भिंतीवर. साधारण १४ दिवसांत त्याचा जोर निम्मा होतो. मला हे फारच आवडलं. अर्थात गाठीचा घट्ट भाग यातून सुटतो, आणि भिंत डोळ्याच्या नसेला चिकटलेली असेल तर नसेलाही धोका असतोच.

बाहेरून शेकायचा विचारही त्याचाच. 'रेडिओसर्जरी' हा शब्द त्याने १९५१ मध्ये वापरला. पुढे स्टॉकहोममध्ये गॅमा नाइफ उभं राहिलं: कोबाल्टचे १७९ स्रोत, प्रत्येकाचा किरण एकेकटा दुबळा, पण सगळे एका बिंदूवर एकत्र. मूळ कल्पना कवटी न उघडता वेदनांसारख्या तक्रारींवर इलाज करायची होती. पण १९६७-६८ च्या सुमारास त्यावर उपचार झालेला पहिला पेशंट निघाला क्रॅनिओफॅरिंजिओमाचाच! मुंबईच्या हिंदुजात हे यंत्र यायला १९९७ उजाडलं.

थोडक्यात, शेक कॅन्सरसाठीच असतो हा आपला समज. इथे तो दिला जातो ते गाठ पूर्ण काढायचा हट्ट सोडता यावा म्हणून. अर्धवट काढून शेक दिला तर ती परत वाढण्याची शक्यता, नुसत्या अर्धवट ऑपरेशनपेक्षा बरीच कमी होते. मात्र शेकानंतर सिस्ट काही काळ फुगूही शकते, म्हणून एमआरआय चुकवायचा नाही.

काल रात्री आत्याला एवढं सगळं सांगितलं. कोबाल्टपाशी तिचा पेशन्स संपला.

"म्हणजे गाठ तिथेच राहणार?"

"बहुतेक राहील. वाढू नये एवढंच बघायचं."

जरा वेळ ती गप्प. मग म्हणाली, "सोमवारी डॉक्टरांकडे जायचंय. तू ये बरोबर. फुगू शकते म्हणालास ना, ते तूच विचार. मला नाही विचारवणार."

सोमवारची सुट्टी टाकली आहे.