गिरणगावची एकजूट आणि धोट्याचे सूत



निरनिराळ्या मुलखांतून पोटासाठी आलेली माणसे एका गावची कशी होतात, हा प्रश्न आज जगभर विचारला जातो. मी त्याचे उत्तर मुंबईच्या गिरणगावात शोधणार आहे.

१८५६ साली कावसजी दावरांची गिरणी ताडदेवला सुरू झाली. पुढे परळ, लालबाग, भायखळ्याकडे गिरण्यांची चिमणी उभी राहील तिथे वस्ती वाढली. कोकणातून रत्नागिरीकर आले, घाटावरून सातारकर आले, उत्तरेकडून मोमिन विणकर आले. १९२१ च्या शिरगणतीत मुंबईतील दर शंभर माणसांत ऐंशीहून अधिक बाहेर जन्मलेली होती.

या परक्या शहरात माणसाला पहिला आधार मिळाला तो गाववाल्यांचा. जॉबर आपल्या नात्यागोत्यातला माणूस कामावर लावी. एका खोलीत गावचे दहा-पंधरा जण पाळीपाळीने पाठ टेकीत. खानावळवाली बाई पगारापर्यंत उधारीवर जेवू घाली. हा आधार नसता तर कित्येकांचे हाल कुत्रा खाता ना. पण जो दरवाजा गाववाल्याला आत घेई, तोच इतरांना बाहेर ठेवी.

१९२८ चा संप एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. गाव, भाषा, धर्म यांच्या पलीकडे 'गिरणी कामगार' ही नवी ओळख या संपात कसाला लागली आणि टिकली. आमच्या चळवळीला या संपाचा अभिमान आहे, आणि तो योग्यच आहे.

परंतु त्याच गिरण्यांत एक खाते असे होते की जेथे अस्पृश्य कामगाराला प्रवेश नव्हता. ते विणाई खाते. कांडी संपली की नव्या कांडीचे सूत धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाने तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या हाती जाई, म्हणून विटाळ! त्या साच्यांवर हिंदू आणि मुसलमान शेजारी शेजारी काम करीत. महार कामगाराला मात्र कमी पगाराच्या रिंग खात्यातच राहावे लागे. संपाच्या काळात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न उपस्थित केला आणि सर्व खाती सर्वांना खुली करण्याचा आग्रह धरला. त्यांचे म्हणणे नेत्यांना झोंबले. कारण ही अडवणूक मालकाने नव्हे, कामगारानेच कामगाराची केलेली होती.

दहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलह विधेयकाविरुद्ध एक दिवसाचा संप झाला. त्यात आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट खांद्याला खांदा लावून उभे राहिले. ज्याने वर्मावर बोट ठेवले होते, तोच हाकेला धावून आला. तक्रार करणारा माणूस एकी फोडतो, ही समजूत निदान आम्ही युनियनवाल्यांनी तरी सोडून द्यावी.

युनियनच्या कामात 'एकजूट' हा शब्द मी हजारो वेळा उच्चारला आहे. आज मला वाटते, घोषणेत सगळे सामील झाले एवढ्याने आपलेपणा सिद्ध होत नाही. चांगल्या साच्यावर कोण उभा आहे आणि कोणाला उभे राहू दिलेले नाही, हे पाहावे लागते. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चिमण्या गेल्या. माणसे मात्र अजून येतच आहेत. कोणी बांधकामावर, कोणी हॉटेलात. त्यांना आपले म्हणण्यापूर्वी आपण एवढेच विचारू या : आमच्या हातातला धोटा आम्ही त्यांच्या हाती देऊ का?