वाफ, घाम आणि गिरणी

वैशाखात माकणीच्या धरणावर उभे राहिले म्हणजे तेरणेचे पाणी दिवसेंदिवस काठ सोडताना दिसते. काही शेताला जाते, काही नळाला. पण बरेचसे कोणी न उपसताच उडून जाते. घरी येऊन माठातले पाणी प्यावे, तर ते गार! याचे कारण असे की, माठाच्या अंगातून झिरपलेले पाणी वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. आपल्या आयाबायांना हे अनुभवाने ठाऊक होते. या उष्णतेचे माप घेण्याचे काम 1761 च्या सुमारास ग्लासगोच्या जोसेफ ब्लॅकने आरंभिले.

बर्फ वितळत असता उष्णता दिली तरी पारा चढत नाही, हे त्याने दाखविले. या दडलेल्या उष्णतेलाच आपण गुप्त उष्णता म्हणतो. ग्रॅमभर बर्फाचे पाणी व्हायला 80 कॅलरी लागतात. ते पाणी उकळीपर्यंत न्यायला 100. आणि उकळत्या पाण्याची वाफ करायला तब्बल 540! आम्ही शाळेत फार टिकलो नाही. हा हिशेब आम्हांस पुस्तकाआधी बॉयलरवरच्या कामगारांनी शिकविला. उकळत्या पाण्यापेक्षा वाफेचा चटका वाईट, हे ते जाणून होते. कारण वाफ कातडीवर पाणी होताना ते 540 परत करते.

त्याच ग्लासगोत जेम्स वॉट जुन्या वाफयंत्राचा नमुना दुरुस्त करीत होता. दर खेपेस तेच नळकांडे तापवायचे आणि तेच निववायचे, यात वाफ फुकट जाते, हे त्याने हेरले. वाफ निववायला वेगळे भांडे जोडण्याची युक्ती त्याला 1765 मध्ये सुचली. 1769 मध्ये त्याने तिचे पेटंट घेतले. पुढे याच वाफेवर मँचेस्टर उभे राहिले. मुंबईत कावसजी दावरांनी 1854 मध्ये कापडगिरणीची कंपनी काढली, आणि 1877 मध्ये आपल्या शेजारच्या सोलापुरातही गिरणी सुरू झाली.

आता मुद्द्याची गोष्ट. कोरड्या हवेत सूत तुटते. म्हणून मागांच्या खात्यात हवा दमट ठेवीत, आणि पुष्कळ ठिकाणी त्यासाठी सरळ वाफच सोडीत. सूत सांभाळले गेले. माणसाचे काय झाले? आपले अंगही एक माठच आहे. घाम वाळला तर अंग निवते. हवेत आधीच वाफ भरली असेल तर घाम वाळत नाही. तो नुसता गळतो, आणि उष्णता आतच कोंडते. गार पाण्याचे तुषार उडविले असते तर त्यांनी वाफ होताना खात्याचीच उष्णता घेतली असती. उलट, बॉयलरची वाफ आपली उष्णता बरोबर घेऊन येते.

इंग्लंडात विणकरांनी याविरुद्ध ओरड केली. 1889 च्या कायद्याने तेथे दमटपणाला मर्यादा घातली. तपासणीला दोन तापमापक टांगावे लागत: एक कोरडा, दुसऱ्याच्या फुग्यावर ओली चिंधी. दोहोंतला फरक जितका कमी, तितका घाम वाळणे कठीण. आपल्याकडे 1948 च्या कारखाने कायद्यात खात्यातली हवा, तापमान आणि कृत्रिम दमटपणा यांची कलमे आली. अडीचशेंहून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात गार पाणी देण्याचे बंधनही आले.

ब्लॅकचा नियम मालकाला आणि मजुराला सारखाच लागू आहे. मात्र वाफ कोठे सोडायची, हे माणूस ठरवितो. म्हणून आम्ही आमच्या सभांतून सांगत असतो: खात्यात पारा किती चढला एवढेच विचारू नका, ओल्या चिंधीचा तापमापक काय म्हणतो तेही विचारा.