अडलेल्याने विचारावे कुणाला?

युनिक्स या संगणकप्रणालीच्या सुरुवातीच्या काळात ‘एड’ नावाचा एक प्रोग्राम होता. मजकूर लिहायचा आणि दुरुस्त करायचा तो यातच. केन थॉम्पसन यांनी लिहिलेल्या या प्रोग्रामला चुकीची आज्ञा दिली, की तो फक्त एक प्रश्नचिन्ह उमटवी. काय चुकले, कुठे चुकले, याबद्दल अवाक्षर नाही. त्यावर युनिक्सच्या गोतावळ्यातच एक विनोद फिरे: थॉम्पसन यांच्या मोटारीत ना वेगाचा काटा, ना पेट्रोलचा, काही बिघडले की समोर एक भलेमोठे प्रश्नचिन्ह पेटते, आणि मुरलेल्या चालकाला बिघाड काय आहे ते बहुधा कळतेच. सी ही भाषा शिकणाऱ्यांच्या वाट्याला पुढची कित्येक वर्षे जे आले, ते या विनोदात पुरेपूर उतरले आहे. त्याचे खापर सहसा जुन्या प्रोग्रामरांच्या तुसडेपणावर फोडले जाते. मला ते पटत नाही. नवशिक्याने मदत कुणाकडे मागायची हे कुणाच्या स्वभावाने ठरवले नाही. ते ठरवले एका परवान्याने आणि तुटपुंज्या मेमरीने. तुसडेपणा मागून आला, आणि मूळ कारणे सरल्यावरही टिकून राहिला.

सी भाषा डेनिस रिची यांनी न्यू जर्सीतल्या मरे हिल येथील बेल लॅब्जमध्ये 1970च्या दशकाच्या आरंभी घडवली. त्यांच्या गटाकडे आलेल्या पहिल्या पीडीपी-11 संगणकाची मेमरी होती 24 किलोबाइट. एवढ्याशा जागेत चाललेल्या कामात चुकीचे कारण समजावून सांगणारी लांबलचक वाक्ये साठवणे ही चैन होती. शिवाय तिची गरज कुणालाच भासत नव्हती. अडलेला माणूस उठून शेजारच्या खोलीत जाई, आणि तिथे भाषा बनवणाराच बसलेला असे. लेखी मदत लागली ती भाषा या खोल्यांच्या पलीकडे जाऊ लागली तेव्हा. ब्रायन कर्निघन यांनी 1974 साली सीची एक शिकवणी लिहिली. तिच्यातूनच 1978 साली रिचींसोबतचे ते प्रसिद्ध सव्वादोनशे पानी पुस्तक आले. भाषा दारात उभ्या माणसाच्या हाती देण्याचे त्या पुस्तकाचे कसब आजही दुर्मीळ आहे. पण ते दार उघडते, पुढे घरात हरवलेल्याला शोधायला येत नाही. सी ज्या प्रणालीसोबत येई ते युनिक्स विद्यापीठांना मिळे तेही असेच. 1956च्या न्यायालयीन तडजोडीमुळे बेल लॅब्जची मालक असलेल्या एटी अँड टीला संगणकाच्या धंद्यात उतरता येत नव्हते. म्हणून नाममात्र दरात परवाना दिला जाई, पण दुरुस्ती नाही, मदत नाही, चौकशीची सोय नाही. विकणाऱ्याने हात झटकल्यावर वापरणाऱ्यांनी एकमेकांचे हात धरले, आणि 1970च्या दशकाच्या मध्यापासून त्यांच्या बैठका व पत्रके सुरू झाली. पुढे ‘यूझनिक्स’ म्हणून नावाजलेली संघटना त्यातून उभी राहिली. परस्परसाहाय्याची ही परंपरा औदार्याची म्हणून सांगितली जाते, आणि ती होतीही. पण तिचा उगम निरुपायातला आहे.

ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात शिकवणारे जॉन लायन्स यांची गोष्ट इथे मोलाची आहे. युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीचा गाभा दहा हजारांहून कमी ओळींचा होता. 1976-77 मध्ये लायन्स यांनी तो सगळा छापून विद्यार्थ्यांसाठी त्यावर टीका लिहिली. टीका या शब्दाच्या आपल्याकडच्या जुन्या अर्थाने, म्हणजे मूळ ग्रंथ सोडवून दाखवणारी. त्यांच्या प्रतीत 2238व्या ओळीवर मूळ लेखकांचीच एक टिपणी आहे, तिचा आशय असा: हे तुम्हाला समजावे अशी अपेक्षा नाही. पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी ती वाचली आणि उद्धटपणाचा नमुना म्हणून एकमेकांना दाखवली. रिचींनी नंतर खुलासा केला, की तिचा रोख ‘हे परीक्षेला नाही’ असा होता. समजावणारा माणूस शेजारून उठून गेला की दिलासासुद्धा टोमण्यासारखा ऐकू येतो. आणि त्याचे जाणे कायद्यानेच पक्के केले: 1979 साली सातव्या आवृत्तीच्या परवान्याने युनिक्सचा स्रोत वर्गात शिकवण्यास मनाई केली. लायन्स यांचे पुस्तक झेरॉक्सच्या झेरॉक्सवरून हातोहात फिरत राहिले. ते राजरोस छापले गेले 1996 साली.

यावर आक्षेप येईल तो मेमरीचा. यंत्रच एवढेसे, तर कंपायलर, म्हणजे लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणारा प्रोग्राम, बोलणार कसा? पहिल्या काही वर्षांपुरता तो बिनतोड आहे. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात 1965 सालीच विद्यार्थ्यांसाठी चुका नीट सांगणारा ‘वॉटफोर’ हा फोरट्रान भाषेचा कंपायलर तयार झाला होता, पण तो मोठ्या आयबीएम यंत्रावर चाले, हे मान्य करायला हवे. तरीही दोन गोष्टी उरतात. वॉटफोर लिहिला तो चार पदवीपूर्व विद्यार्थ्यांनी; म्हणजे युक्ती ठाऊक नव्हती असे नाही, तिची जागा ‘विद्यार्थ्यांच्या’ भाषांत मानली गेली, ‘खऱ्या’ कामाच्या भाषांत नव्हे. दुसरे, बेल लॅब्जमध्येच स्टीफन जॉन्सन यांनी 1970च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘लिंट’ लिहिला. सीच्या प्रोग्राममधल्या संशयास्पद जागा तो दाखवी, पण कंपायलरबाहेर राहून. म्हणजे ज्याला आपले चुकते आहे अशी शंका आहे, त्याने तो आपणहून चालवायचा. नवशिक्याला नेमकी तीच शंका येत नसते.

मग प्रश्न जायचे कुठे? माणसांकडे. तेच प्रश्न, त्याच माणसांकडे, दर सत्राच्या आरंभी नव्याने. 1990 साली स्टीव्ह समिट यांनी सीच्या वारंवार येणाऱ्या प्रश्नांची सूची करायला घेतली. 1995 साली तिचे जाडजूड पुस्तक झाले. मेमरीतली जागा दाखवणारा पॉइंटर जेव्हा कुठलीच जागा दाखवत नाही, त्या शून्य पॉइंटरसाठी त्यात एक आख्खे प्रकरण आहे, ॲरे (ओळीने मांडलेली मूल्ये) आणि पॉइंटर यांच्या गोंधळासाठी दुसरे. माझ्या लेखी ही सूची म्हणजे भाषेच्या दोषांची नोंदवहीच आहे, पण वाचली गेली ती विद्यार्थ्यांच्या दोषांची म्हणून. विचारणाऱ्यावरचा हा ताण आपल्याकडे आणखी वाढला. बोर्लंडचा 1987चा टर्बो सी आपल्या प्रयोगशाळांत त्याचे आयुष्य संपल्यावरही वर्षानुवर्षे नांदला. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने इंग्रजी बेताचे असलेल्या लाखो मुलांना भाषा सोपी करून दिली, हे ऋण मोठे आहे. पण परीक्षांत आणि नोकरीच्या चाचण्यांत एक वेगळाच प्रकार बोकाळला: एकाच विधानात ‘आय’ या चलाचे मूल्य दोनदा वाढवायचे आणि उत्तर काय येईल ते विचारायचे. सीच्या प्रमाणग्रंथाप्रमाणे त्याला ठरलेले उत्तरच नाही. 1992 साली सीच्या जाणकारांत रूढ झालेल्या थट्टेनुसार, कंपायलरने तुमच्या नाकातून भुते काढली तरी तो नियमातच आहे. उत्तरतालिकेत मात्र एक आकडा असे, आणि तो आकडा का, असे विचारणारा मुलगा बाहेरच्या जाणकारांकडे गेला की बोलणी खाई.

दुसरा आक्षेप जास्त खोल आहे: ठेचा खाऊनच कारागीर तयार होतो, मदत आयती मिळाली तर हात कच्चा राहतो. हे खरे असते, तर ठेचा खाल्लेल्यांचे हात पक्के दिसायला हवे होते. 2019 साली मायक्रोसॉफ्टने स्वतःच्या उत्पादनांतल्या सुरक्षादोषांचा हिशेब मांडला. त्यांतले सुमारे 70 टक्के दोष मेमरीच्या हाताळणीचे निघाले: मोकळी केलेली जागा पुन्हा वापरणे, ॲरेच्या हद्दीबाहेर लिहिणे. ज्या जागी नवशिका पहिल्या सत्रात अडतो, त्याच जागी वीस वर्षांचा अनुभवी पडतो. फरक एवढाच, की नवशिका विचारतो.

ग्रेडन होअर यांनी 2006 साली हौसेने सुरू केलेली आणि पुढे मोझिलाने वाढवलेली रस्ट भाषा या ठिकाणी वेगळी निघाली. मे 2015 मध्ये तिची पहिली स्थिर आवृत्ती आली. एखाद्या मूल्याची मालकी दुसरीकडे दिल्यावर ते पुन्हा वापरले, तर तिचा कंपायलर प्रोग्राम अडवतो आणि मालकी कोणत्या ओळीत गेली ते दाखवतो. शेजारी ई-0382 असा क्रमांकही देतो; तो क्रमांक घेऊन पुन्हा विचारले, की उदाहरणासकट खुलासा करतो. 2016 साली या संदेशांची मांडणी नव्याने झाली. तिची प्रेरणा एल्म या वेबपाने रचण्याच्या भाषेतून आली होती. गाभ्याचे काम करणाऱ्यांनी पानांची सजावट करणाऱ्यांकडून शिकावे, यातली गंमत जुन्या मंडळींना रुचली नसावी. 2017च्या कामाच्या आराखड्यात शिकण्याची चढण कमी करणे हे घोषित उद्दिष्ट होते, आणि डिसेंबर 2018च्या आवृत्तीत कंपायलरचा खुद्द नियमच सैल झाला: पूर्वी निर्दोष असूनही नाकारले जाणारे कितीतरी प्रोग्राम आता चालू लागले. इतकी वर्षे ‘तुला कळले नाही’ म्हणून परत जाणाऱ्या तक्रारीला इथे ‘आमचे चुकले’ असे उत्तर मिळाले.

मात्र कंपायलर अडलेली ओळ दाखवतो. मुळात प्रोग्राम वेगळ्या घाटाचा हवा होता, हे त्याला क्वचितच सांगता येते. आपल्याकडच्या डेटा स्ट्रक्चर्सच्या अभ्यासक्रमात लिंक्ड लिस्ट, म्हणजे घटक एकमेकांना जोडून केलेली यादी, सुरुवातीलाच येते, आणि सीमध्ये ती दोन-चार पॉइंटरांत जमूनही जाते. दोन्ही दिशांनी जोडलेली तीच यादी रस्टमध्ये करायला घ्यावी, तर प्रत्येक दुव्याला दोन धनी, आणि भाषेचा हट्ट एकाच धन्याचा. निव्वळ लिंक्ड लिस्टच्या सोडवणुकीवर रस्टमध्ये एक आख्खी शिकवणी लिहिली गेली आहे. कंपायलर एकामागून एक सभ्य, सविस्तर संदेश देत राहतो, मुलगा एकेक ओळ दुरुस्त करत जातो, आणि तासाभराने उठून शेजारच्या टेबलावर जाऊन विचारतो.