हजेरीपासून भरतीपर्यंत : राबत्या शरीराचा इतिहास आणि उत्तेजक औषधे

इतिहास राजांचा लिहिला गेला, लढायांचा लिहिला गेला, धर्मग्रंथांचा लिहिला गेला; राबणाऱ्या शरीराचा इतिहास मात्र लिहावा असे कोणाला वाटले नाही. ज्यांच्याजवळ जमीन नव्हती, पोथी नव्हती, पेढी नव्हती, त्यांच्याजवळ एकच भांडवल होते. ते म्हणजे त्यांचे हाडामांसाचे शरीर. या शरीराने ओझी वाहिली, वेठ केली, मेलेली ढोरे ओढली, रेल्वेचे रूळ टाकले. हे शेवटचे भांडवलही आज सुईच्या टोकाने काढून घेतले जात आहे. तरुण खेळाडूंतील स्टेरॉइडचा प्रश्न सहसा वृत्तपत्रांच्या क्रीडापानावर चर्चिला जातो. माझ्या मते तो सामाजिक इतिहासाचा प्रश्न आहे आणि आपल्या चळवळीने त्याकडे त्याच दृष्टीने पाहिले पाहिजे.

मी वाशीम जिल्ह्यात इतिहास शिकवितो. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांच्या समाधीच्या दर्शनाला रामनवमीच्या यात्रेत महाराष्ट्रातून, तेलंगणातून, आंध्र-कर्नाटकातून तांडेच्या तांडे येतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये येथे बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. समाजाच्या दृष्टीने ही अभिमानाची गोष्ट आहे. परंतु या परिसरातील रस्त्यांवर पहाटे चार वाजता जी मुले धावत असतात, त्यांचा वारसा कोणता, हा प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. तांड्यातली, बौद्धवाड्यातली, पारध्यांच्या बेड्यावरची ही मुले. यांतील फार थोडी पदकासाठी धावतात. बहुतेकांचे लक्ष पोलीस भरतीकडे असते.

या धावण्याच्या मागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून देशभर लदेणी करणारा बंजारा हा एके काळी या उपखंडाच्या दळणवळणाचा कणा होता. रेल्वे आली, मिठावर सरकारी मक्तेदारी आली, आणि हा कणा मोडला. १८७१ मध्ये इंग्रजांनी गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो एकामागून एक प्रांतांत पसरविला. ज्या अनेक जमातींच्या कपाळी जन्मानेच गुन्हेगारीचा शिक्का बसला, त्यांत ठिकठिकाणचे लमाण-बंजारेही होते. ज्याचे नाव या कायद्याखाली नोंदले गेले त्याने हजेरी द्यावयाची, गाव सोडताना परवाना घ्यावयाचा, बोटांचे ठसे द्यावयाचे. त्याचे शरीर हेच त्याच्याविरुद्धचा पुरावा होते. हा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्राच्या यादीत बंजारा समाज ‘विमुक्त’ म्हणून नोंदला आहे, तो याच कायद्यातून सुटला म्हणून. ज्या पोलिसांपुढे आजोबाच्या पिढीने हजेरी दिली, त्याच पोलिसांच्या गणवेशासाठी आज नातू छाती फुगवून उभा आहे. या घटनेत विजयही आहे आणि वेदनाही आहे.

पूर्वाश्रमीच्या महारांचा इतिहासही याहून फार निराळा नाही. इंग्रजांच्या मुंबई लष्करात महारांनी पिढ्यान्‌पिढ्या शिपाईगिरी केली. बाबासाहेबांचे वडील रामजी हे सुभेदार होते. परंतु १८९० नंतरच्या काळात ‘लढवय्या वंशां’चा सिद्धांत पुढे आला आणि महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी अर्ज केले. शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० मध्ये थेट भारतमंत्र्यांकडे दाद मागितली. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ मध्ये महारांची पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. महार रेजिमेंट स्थापन झाली ती १९४१ मध्ये, पुन्हा एक महायुद्ध चालू असताना. अर्थ स्पष्ट आहे. गरज असेल तेव्हा आमचे शरीर चालते, गरज सरली की त्याचा विटाळ होतो. तरीही भरतीचे दार ठोठावण्यावाचून आमच्या पूर्वजांना गत्यंतर नव्हते, कारण त्या दाराआड पगार होता, शाळा होती, माणूस म्हणून उभे राहण्याची जागा होती.

आता या औषधाच्या इतिहासाकडे वळू. पुरुषाच्या शरीरात तयार होणारे टेस्टोस्टेरॉन हे द्रव्य १९३५ मध्ये प्रयोगशाळेत बनविण्यात आले. त्याचीच कृत्रिम भावंडे म्हणजे ॲनाबोलिक स्टेरॉइड. १९५८ मध्ये अमेरिकेत डायनाबॉल नावाची गोळी बाजारात आली आणि थोड्याच वर्षांत वजन उचलणाऱ्यांच्या आखाड्यांत शिरली. तिच्यातील द्रव्याचे नाव मेथॅन्डिएनोन. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

स्टेरॉइडचा सर्वांत भीषण प्रयोग पूर्व जर्मनीत झाला. समाजवादाचे नाव घेणाऱ्या त्या राज्याने १९७४ पासून गुप्त सरकारी योजना आखून खेळाडूंना स्टेरॉइड दिले. जलतरणाच्या कोवळ्या मुलींना निळ्या गोळ्या जीवनसत्त्वे म्हणून चारल्या गेल्या. १९७६ च्या माँट्रियल ऑलिंपिकमध्ये स्त्रियांच्या जलतरणातील १३ पैकी ११ सुवर्णपदके त्या देशाने नेली. पदके राष्ट्राच्या कपाटात गेली. घोगरे झालेले आवाज, बिघडलेले यकृत आणि उद्ध्वस्त झालेले मातृत्व मुलींच्या वाट्याला आले. २००० मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने तेथील क्रीडाप्रमुख मानफ्रेड एवाल्ड यांना दोषी ठरविले. शिक्षा झाली ती स्थगित कारावासाची.

भांडवलशाही देशांत चित्र वेगळे नव्हते. १९८८ मध्ये सोल येथे बेन जॉन्सन १०० मीटर ९.७९ सेकंदांत धावला आणि तिसऱ्या दिवशी स्टॅनोझोलॉल सापडल्याने त्याचे पदक गेले. जमैकात जन्मलेला हा काळा तरुण जिंकला तेव्हा कॅनडाचा सुपुत्र होता. पकडला गेला तेव्हा त्याच्या नावामागे पुन्हा ‘जमैकन’ लागले. पुढे चौकशीत प्रशिक्षकाने आणि डॉक्टरने काय काय केले ते बाहेर आले. परंतु जगाच्या स्मरणात राहिले ते एकाच माणसाचे तोंड. विजय वाटून घ्यावयाचा आणि कलंक एकट्याच्या माथी मारावयाचा, ही रीत आम्हांला नवी नाही.

भारतातही तेच घडले. २०११ मध्ये ४०० मीटर धावणाऱ्या सहा मुली स्टेरॉइडच्या चाचणीत दोषी ठरल्या. त्यांतील काहींनी आदल्याच वर्षी राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांत रिलेची सुवर्णपदके आणली होती. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगच्या गोळ्यांतून हे द्रव्य शरीरात गेले, असे त्यांचे म्हणणे होते. परदेशी प्रशिक्षकाला काढून टाकण्यात आले. मुलींना आधी एका वर्षाची बंदी झाली आणि २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय क्रीडा लवादाने ती दोन वर्षांची केली.

महाराष्ट्राला जवळचे उदाहरण नरसिंग यादवचे. मुंबईत दुधाचा व्यवसाय करणाऱ्या घरातला हा मुलगा तीन वेळा महाराष्ट्र केसरी झाला आणि राज्याच्या पोलीस दलात अधिकारी झाला. रिओ ऑलिंपिकच्या तोंडावर, २०१६ मध्ये, त्याच्या नमुन्यात मेथॅन्डिएनोन सापडले. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी ते मिसळले, असे त्याने सांगितले. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेने, म्हणजे ‘नाडा’ने, ते मान्य करून त्याला निर्दोष ठरविले. परंतु १८ ऑगस्टला क्रीडा लवादाने पुराव्याअभावी ते फेटाळले आणि चार वर्षांची बंदी घातली. खरे काय घडले याचा निवाडा येथे मला करावयाचा नाही. मुद्दा नियमाचा आहे. शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी खेळाडूची. ते कसे आले हे सिद्ध करण्याचे ओझेही त्याचेच. स्पर्धा स्वच्छ ठेवण्यासाठी हा नियम आवश्यक असेल. पण ज्याच्याजवळ वकील आहे, आहारतज्ज्ञ आहे, इंग्रजी लेबल वाचता येते, त्याला हा नियम एक अर्थ सांगतो. आणि तांड्यावरून आलेल्या मुलाला दुसराच.

आकडे बोलके आहेत. २०२४ मध्ये भारतात ७,११३ नमुने तपासले गेले; त्यांत २६० दोषी निघाले, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या प्रमाणावर चाचण्या करणाऱ्या देशांत सलग तिसऱ्या वर्षी आपण पहिले आलो. अल्पवयीन खेळाडूंच्या दहा वर्षांच्या जागतिक पाहणीत रशियाच्या खालोखाल भारताचे नाव आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये दिल्लीच्या राज्य ॲथलेटिक्स स्पर्धेत ‘नाडा’चे अधिकारी येत असल्याचे कळताच खेळाडू पळाले, १०० मीटरच्या अंतिम शर्यतीत एकच धावपटू उरला. स्टेडियमच्या स्वच्छतागृहात वापरलेल्या सिरिंजा सापडल्या होत्या.

येथपर्यंत प्रश्न खेळाडूंचा होता. भरतीच्या मैदानावर तो अधिक उघडा पडतो. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीत मुलांना १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण असतात. एका सेकंदाने गुण जातो आणि एका गुणाने आयुष्य जाते. २०२३ च्या भरतीत उमेदवारांजवळ उत्तेजक औषधे सापडल्याच्या बातम्या वृत्तपत्रांत आल्या. येथे स्टेरॉइडच्या जोडीला मेफेंटरमिनसारखी इंजेक्शने आली आहेत. शस्त्रक्रियेच्या वेळी खाली गेलेला रक्तदाब वर आणण्यासाठी असलेले हे औषध धावण्यापूर्वी टोचून घेणे म्हणजे हृदयाला चाबूक मारणे होय. ‘नाडा’ची नजर खेळाडूंच्या स्पर्धांवर असते, भरतीचा उमेदवार तिच्या दृष्टीने खेळाडूच नव्हे.

एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, “सर, याच्यानं टायमिंग खरंच सुधरते काय?” या प्रश्नाचे उत्तर नीतीच्या व्याख्यानाने देता येत नाही. स्नायू वाढतात, हे खरेच आहे. खोटे सांगून मुलांचा विश्वास मिळत नाही. परंतु बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळू लागले की शरीर स्वतःचे बनविणे थांबविते. वृषणे आकसतात, शुक्राणू घटतात, मूल होण्यात अडचण येते. वाढत्या वयात हाडांची टोके वेळेआधी जुळतात आणि उंची खुंटते. ज्या उंचीसाठी भरतीत पट्टी लागते, तीच. तोंडाने घेतलेल्या गोळ्यांनी यकृत पोळते. हृदयाचा स्नायू जाड होतो, रक्तातील चरबीचे प्रमाण बिघडते. मुलींचा आवाज घोगरा होतो, आणि तो पुन्हा पूर्ववत होईलच असे नाही. सुई एकमेकांत वापरली तर कावीळ आणि एच.आय.व्ही. यांची भीती आहेच. आणि हे सर्व भोगावयाचे कोणाला? ज्याच्या घरी दोन वेळच्या डाळीची शाश्वती नाही त्याला.

कायद्याने ही औषधे डॉक्टरच्या चिठ्ठीवाचून विकता येत नाहीत. तरी ती मिळतात. विकणारा नफा घेतो, टोचणारा फी घेतो, अकादमी चालविणारा निवड झालेल्यांचे फोटो फलकावर लावतो. २०२२ च्या राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायद्याने प्रशिक्षकांनाही कक्षेत घेतले आहे. पण तालुक्याच्या गल्लीतला विक्रेता त्या कायद्यापासून फार दूर आहे. साखळीच्या शेवटच्या कडीला बेडी आणि पहिल्या कडीला हार, अशी ही व्यवस्था आहे.

मग आपण काय करावयाचे? मुलांना भरतीपासून परावृत्त करणे हा उपाय नव्हे. ते दार उघडण्यासाठी दोन पिढ्या झिजल्या आहेत. करावयाचे ते हे. प्रत्येक वसतिगृहात आणि अभ्यासिकेत या औषधांची मराठीतून आणि गोरमाटीतून माहिती लावावी. कोणतीही पावडर, गोळी, इंजेक्शन घेण्यापूर्वी प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरांना विचारण्याची सवय लावावी. चिठ्ठीवाचून विकणाऱ्याची अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार करावी, आणि ती संघटनेच्या नावाने करावी, एकट्या मुलाच्या नावाने नव्हे. भरतीच्या मैदानावर चाचणी व्हावी, पण पकडलेल्या मुलाबरोबर पुरविणाऱ्याचाही शोध घ्यावा, ही मागणी शासनाकडे लावून धरावी. आणि वसतिगृहांच्या ताटात अंडी, डाळ, दूध वेळेवर यावे, कारण निकृष्ट ताट हीच या बाजाराची पहिली दलाल आहे. पोहरादेवीच्या यात्रेत लाखो माणसे जमतात. तेथे समाजाच्या कार्यकर्त्यांनी या विषयाचा एक मांडव घातला, तर त्याचे मोल कोणत्याही सत्काराहून अधिक ठरेल.

जोतीरावांनी अविद्येला सर्व अनर्थांचे मूळ ठरविले. इंग्रजी अक्षरांत झाकलेली औषधाची बाटली हे त्याच अविद्येचे आजचे रूप आहे. आमच्या शरीरावर आधी धर्माने हक्क सांगितला, मग सरकारने शिक्का मारला. आता बाजार त्याची किंमत ठरवितो आहे. हजेरीच्या वहीतून नाव काढून घेण्यासाठी ज्यांनी संघर्ष केला, त्यांच्या नातवंडांचे शरीर त्यांचे स्वतःचे राहिले पाहिजे. विमुक्ती या शब्दाचा एवढा तरी अर्थ असलाच पाहिजे.