पाप कुणाचं? भावीण, देव आणि आपलं साहित्य

मागच्या वर्षी मालवण तालुक्यातल्या एका वाडीत बायकांची बैठक घेत होते. विषय बचतगटाचा होता. बोलता बोलता एका बाईवर गाडी घसरली. नवऱ्याने टाकलेली, पदरात मूल, आणि ते मूल नवऱ्याचं नाही अशी गावात कुजबुज. कोपऱ्यातली एक आजी शांतपणे म्हणाली, "पाप केल्यान, भोगतली." भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बुद्ध. बैठकीत बहुतेक आपल्याच बायका. कुणी काही बोललं नाही. मीही बोलले नाही, आणि तेच मला अजून टोचतं.

आपण बावीस प्रतिज्ञा पाठ म्हणतो. पिंडदान सोडलं, गणपती सोडला. पण 'पाप' हा शब्द आपल्या घरांतून गेला का? मित्रांनो, हा शब्द साधा नाही, त्याला इतिहास आहे. आणि त्या इतिहासात तो बहुतेक वेळा बाईच्याच कपाळावर चिकटवलेला दिसतो.

गीतेच्या नवव्या अध्यायात स्त्रिया, वैश्य आणि शूद्र यांचा उल्लेख 'पापयोनी' या शब्दाला जोडून येतो. आजचे प्रवचनकार म्हणतात की पापयोनी वेगळे आणि स्त्रिया वेगळ्या. पण खुद्द शंकराचार्यांच्या भाष्यात हा शब्द स्त्रिया, वैश्य, शूद्रांनाच लावलेला आहे. मनुस्मृती तर आणखी स्पष्ट आहे. पुरुषाला बिघडवणं हा बाईचा स्वभावच, असं दुसऱ्या अध्यायात आहे. नवव्या अध्यायात काम, क्रोध, कपट ही मनूनेच तिच्या वाट्याला दिली असं सांगितलं आहे. म्हणजे पुरुषाचं पाप हे त्याने केलेलं कृत्य, आणि बाईचं पाप म्हणजे तिचा जन्मच. कृत्याला प्रायश्चित्त असतं. जन्माला कुठलं प्रायश्चित्त?

आता आपल्या किनारपट्टीवर येऊ. मी आचऱ्याची. आमचा रामेश्वर 'इनामदार' म्हणून ओळखला जातो. बाहेरच्या लोकांना याची गंमत वाटते, देव कसा इनामदार? पण कोकणात देवस्थान म्हणजे नुसती पूजा नव्हे. जमीन, मान, पाळी, चाकरी असा तो सगळा व्यवहार असतो. आमची गावपळण बघायला लोक कुठून कुठून येतात. देवाचा कौल झाला की तीन दिवस तीन रात्री माणसं, गुरं, कोंबड्यांसकट सगळा गाव वेशीबाहेर राहतो. वर्तमानपत्रांना त्यात निसर्ग आणि एकोपा दिसतो. मला दरवेळी वाटतं, वेशीबाहेर राहण्याची एवढी हौस होती तर आमच्या आज्या-पणज्यांना विचारायचं होतं, त्यांचा अनुभव पिढ्यांचा होता.

असो. मुद्दा चाकरीचा आहे. मालवण, सावंतवाडी ते गोव्यापर्यंतच्या देवळांत भावीण आणि देवळी असत. देवळातली झाडलोट, दिवाबत्ती, पालखीपुढे दिवटी हे भाविणीचं काम. वाजप आणि मशाल हे देवळ्याचं. ब्रिटिशांच्या गॅझेटियरांत, जातींच्या वर्णनांत ही नोंद आहे. नवऱ्याचं घर सोडलेल्या बाईने देवापुढच्या दिव्यातलं तेल डोक्यावर ओतून घेतलं की ती भावीण झाली, अशीही नोंद सापडते. गोव्यात कलावंतांच्या मुलींचा 'शेंस' विधी होई, लग्नासारखा, पण नवरा नसलेला. त्यानंतर ती 'देवाची'. आणि देवाच्या नावावर तिच्याकडे येणारे यजमान मात्र हाडामांसाचे, प्रतिष्ठित, सोवळ्यातले. सकाळी देवळात मान त्यांचाच, रात्री तिच्या घरीही तेच. त्यांना कुणी पापी म्हटल्याचं ऐकलंय? पाप तिचं आणि तिच्या मुलांचं, ज्यांना बापाचं नाव लावता येत नव्हतं.

एक गोष्ट नीट लक्षात घ्या. या समाजाने स्वतः ही प्रथा मोडली. गोव्यात गोमंतक मराठा समाज म्हणून ते संघटित झाले, शिकले, नाव बदललं. पैंगीणच्या राजाराम पैंगीणकरांनी आत्मचरित्राला नाव दिलं 'मी कोण?' कलावंत समाजात जन्मलेल्या माणसाने हा प्रश्न शीर्षकातच विचारला. म्हणून आज कुणाच्या आडनावावरून खालच्या आवाजात टोमणा मारणारा माणूस आपल्या कार्यकर्त्यांत असेल, तर त्याने आधी स्वतःकडे बघावं.

मराठी साहित्याने या बाईचं काय केलं? आरवलीत वाढलेल्या जयवंत दळवींनी 'महानंदा' लिहिली. भाविणीची मुलगी आणि शिकलेला तरुण यांच्या प्रेमाची गोष्ट. मी ती कॉलेजात असताना एका रात्रीत वाचली आणि रडले. दळवींची कणव खरी आहे, हे मान्य करायलाच हवं. पण एमए करताना परत वाचली तेव्हा दुसरंच जाणवलं. वाचक म्हणून आपलं सगळं लक्ष दोन जिवांच्या ताटातुटीवर खिळतं. देवस्थानच्या जमिनीचा, मानाचा, पिढ्यान्‌पिढ्या तिच्या घरी येणाऱ्या पुरुषांचा हिशोब आपण मागतच नाही. नशीब म्हणून पुस्तक मिटतो. कणवेत ही सोय असते: गुन्हेगाराचं नाव घ्यावं लागत नाही.

नाव घेतलं ते एका बाईने, १८८२ साली. सुरतेची विजयालक्ष्मी ही तरुण ब्राह्मण विधवा. नवजात मुलाला मारल्याबद्दल तिला फाशी सुनावली गेली, अपिलात ती शिक्षा कमी झाली. तिच्या निमित्ताने वर्तमानपत्रांत समस्त स्त्रीजातीच्या अनीतीवर चर्चा झडू लागल्या. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदेंनी उत्तर म्हणून 'स्त्री-पुरुष तुलना' लिहिली. शास्त्रं-पुराणं तर सोडली नाहीतच; 'मुक्तामाला', 'मनोरमा' यांसारखी तेव्हाची कादंबरी-नाटकंही तपासली. पुरुषांनी लिहिलेल्या गोष्टींत बाई एकतर सती नाहीतर कपटी, हे तिने तेव्हाच दाखवलं. मराठीतली ही स्त्रीवादी साहित्यसमीक्षेची सुरुवात, आणि ती सत्यशोधक घरातून आली. बाईंवर टीका झाली तेव्हा जोतीराव 'सत्सार'मधून पाठीशी उभे राहिले. त्यांना हे नवं नव्हतं. १८६३ पासून त्यांच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह चालू होतं. तोपर्यंत पस्तीस विधवा तिथे येऊन बाळंत झाल्या, असं त्यांनीच १८८४ साली लिहून ठेवलं आहे. काशीबाई नावाच्या विधवेला एका शास्त्र्याने फसवलं, तिने मूल मारलं, तिला अंदमान झालं. शास्त्री मोकळा.

आता आपल्या घरातला अवघड भाग. १६ जून १९३६, परळचा दामोदर हॉल. येवल्याची घोषणा होऊन आठ महिने झालेले. बाबासाहेब कामाठीपुऱ्यातल्या बायकांशी, देवदासी, जोगतिणींशी बोलले. भाषण कडक होतं: आमच्याबरोबर यायचं असेल तर हा धंदा सोडा, लग्न करा, संसार करा. आजच्या काही स्त्रीवादी अभ्यासक म्हणतात की यात इभ्रतीचा भार पुन्हा बाईवरच पडला. मला हा आक्षेप उडवून लावावासा वाटत नाही. सोडा म्हणणं सोपं. पोटाचं काय, हा प्रश्न त्या बायकांचा होता. पण फरक बघा. धर्माने त्यांना सांगितलं होतं, तुम्ही जन्मजात अशाच, हीच तुमची सेवा. बाबासाहेब म्हणाले, तुम्ही यातून बाहेर पडू शकता. ज्याचा स्वभावच पाप ठरवला आहे त्याला बाहेर पड असं कुणी म्हणत नाही. शिवाय ते त्यांच्यासमोर उभं राहून बोलले, त्यांच्याबद्दल नाही. कोकणच्याच ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचं 'आम्हीही इतिहास घडवला' वाचा. चळवळीतल्या बायका तिथे स्वतः बोलतात. आपण भाषणं वाचतो, ते पुस्तक वाचत नाही.

आणि बुद्ध? स्त्रीच्या अधोगतीला बुद्ध जबाबदार असा आरोप झाला तेव्हा बाबासाहेबांनी १९५१ साली महाबोधीच्या मासिकात लेख लिहून तो खोडला, दोष मनूच्या दारात नेऊन ठेवला. वैशालीची आम्रपाली गणिका होती. तिने भगवंतांना भोजनाचं निमंत्रण दिलं, त्यांनी ते स्वीकारलं. लिच्छवी सरदार उशिरा पोचले. ते तिला म्हणाले, एक लाख घे पण हे भोजन आम्हाला दे. तिने साफ नाकारलं. पुढे ती भिक्षुणी झाली. थेरीगाथेत तिच्या गाथा आहेत.

ही गोष्ट मी त्याच वाडीत पुढच्या बैठकीला सांगितली. आजी तिथेच कोपऱ्यात बसली होती. लाखाचा आकडा ऐकून हसली. मग थोडा वेळ गप्प राहून तिने विचारलं, "आणि त्या पोराच्या बापाशीचा नाव कोणी घेतल्यान?"

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. नाव सगळ्यांना ठाऊक होतं.