यादीतले स्त्रीधन : कल्याण ते उदगीर

मराठवाड्यातल्या लग्नात 'यादी' या शब्दाला मोठे वजन आहे. सोयरीक जुळली की दोन्हीकडची जाणती माणसे बैठकीला बसतात, देणेघेणे ठरते, ते कागदावर उतरते आणि खाली सह्या होतात. हाच शब्द पुढे कधी न्यायालयाच्या आवारात पुन्हा भेटतो. घरातल्या मारहाणीला कंटाळून बाई माहेरी येते, दंडाधिकाऱ्यांकडून संरक्षण आदेश मिळवते. परंतु तिचे दागिने, भांडी, कपडे, गुणपत्रिका मात्र ज्या घरी पाऊल टाकणे धोक्याचे, त्याच घरी राहिलेल्या असतात. त्या परत मागायच्या तर पहिला प्रश्न येतो तो यादीचाच. स्त्रीधनावरचा हक्क फार जुना आहे. तो वस्तूंपर्यंत पोहोचण्याची वाट मात्र अगदी अलीकडची आहे, असे आम्हांस वाटते. आणि या कथेचा आरंभ उदगीरच्या शेजारीच होतो.

उदगीरच्या दक्षिणेला, बीदर जिल्ह्यात, आजचे बसवकल्याण आहे. चालुक्य राजा सहावा विक्रमादित्य (१०७६ ते ११२६) याच्या या राजधानीत विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. मनूने स्त्रीधनाचे सहा प्रकार मोजले होते. याज्ञवल्क्याने आपली यादी देऊन शेवटी 'आद्य', म्हणजे 'इत्यादी', असा शब्द ठेवला. विज्ञानेश्वराने त्या एका शब्दात वारसा, खरेदी, वाटणी असे मिळकतीचे सारे मार्ग बसवले. स्त्रीधन हा शब्द पारिभाषिक नव्हे, यौगिक आहे. स्त्रीचे जे धन ते स्त्रीधन, असा त्याचा आशय. साहित्याच्या अभ्यासकाने थांबून पाहावे असे हे स्थळ आहे, कारण येथे शब्दाच्या अर्थावर मालमत्ता उभी आहे. इंग्रजी अमदानीत प्रिव्ही कौन्सिलने हा व्यापक अर्थ पुष्कळच आखडून घेतला, हेही येथेच नोंदवायला हवे.

परत करण्याविषयीही शास्त्रकार मुके नव्हते. दुष्काळ, धर्मकार्य, आजार आणि बंदिवास या चार प्रसंगी पतीने घेतलेले स्त्रीधन त्याने परत केलेच पाहिजे असे नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. अपवाद चारच, याचा अर्थ एरवी परत करणे भाग. कात्यायन तर बळाने घेतलेले स्त्रीधन व्याजासह परत करावे आणि घेणाऱ्यास दंड व्हावा, असे म्हणतो. नियम होता, परंतु सासरच्या उंबऱ्याआडून ती पेटी बाहेर कोणी आणायची, याचे उत्तर नव्हते.

१९४८ पर्यंत उदगीर निजामाच्या राज्यात, बीदर जिल्ह्यात होते. १९५६ या एका वर्षात दोन गोष्टी घडल्या. जूनमध्ये हिंदू उत्तराधिकार अधिनियम अंमलात आला आणि त्याच्या चौदाव्या कलमाने हिंदू स्त्री आपल्या मालमत्तेची पूर्ण मालक झाली. १ नोव्हेंबरला राज्यपुनर्रचना झाली. उदगीर मुंबई राज्यात आले, बीदर आणि कल्याण म्हैसूर राज्यात गेले. सीमा सोयरिकीच्या मधून गेली, सोयरीक मात्र तुटली नाही. आजही उदगीरची लेक भालकीला नांदते आणि बीदरची लेक उदगीरला.

दुसरे महत्त्वाचे वर्ष १९८५. त्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रतिभा राणी विरुद्ध सूरज कुमार या खटल्यात बहुमताने स्पष्ट केले की स्त्रीधन लग्नामुळे नवऱ्याचे किंवा सामायिक होत नाही. ते सासरी ठेवायला दिलेले असते, आणि मागूनही न देणे हा फौजदारीपात्र न्यासभंग ठरू शकतो. त्याच वर्षी २ ऑक्टोबरपासून हुंडाबंदी कायद्याखालचे भेटवस्तूंच्या यादीचे नियम लागू झाले. लग्नाच्या वेळीच यादी करावी. वस्तूचे वर्णन, अंदाजे किंमत, देणाऱ्याचे नाव आणि नाते लिहावे. वधूवरांनी सह्या कराव्यात. वधूला मिळालेल्या वस्तूंची यादी वधूने जपावी. येथे विसंगती उघडी पडते. बैठकीत सह्या होतात त्या बहुधा कायद्याने निषिद्ध असलेल्या हुंड्याच्या यादीवर. आणि कायद्याला हवी असलेली यादी क्वचितच केली जाते. मग सोनाराच्या पावत्या, लग्नातली छायाचित्रे, आंदणाच्या भांड्यांवर कोरलेली नावे, हाच पुरावा उरतो. हे कोरीव लेखन आमच्या बायाबापड्यांनी हौसेने करून घेतले; ते कधी साक्षीला उभे राहील असे कोणाच्या मनातही नसावे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला आणि उंबऱ्याआडच्या पेटीचा प्रश्न प्रथमच नीट हाताळला गेला. कलम १८ खाली दंडाधिकारी स्त्रीधन विकण्यास किंवा बँकेतले लॉकर परस्पर उघडण्यास मनाई करू शकतात. कलम १९ खाली तिचे स्त्रीधन 'किंवा इतर कोणतीही मालमत्ता' परत देण्याचा आदेश होतो आणि अंमलबजावणीसाठी पोलीस ठाण्याला साहाय्याचे निर्देश देता येतात. विज्ञानेश्वराच्या 'आद्य'चा हा नवा अवतार म्हणावा. पदवीचे प्रमाणपत्र किंवा आधार कार्ड स्मृतीतल्या कोणत्याच प्रकारात बसणार नाही. पण नोकरी शोधणाऱ्या बाईला पाटल्यांहून त्याचीच निकड अधिक असते. संरक्षण अधिकाऱ्याने भरावयाच्या घटना अहवालाला स्त्रीधनाची यादी जोडण्याची सोय आहे. दंडाधिकाऱ्यांनी लेखी निर्देश दिल्यास तिच्या वस्तू, भेटी व दागिने तिच्या ताब्यात देणे हेही त्या अधिकाऱ्याचे काम ठरते. म्हणून भावांना घेऊन कुलूप तोडायला जाण्याची गरज नाही. घराबाहेर राहण्याचा आदेश झालेल्या पुरुषानेही आपल्या वस्तूंसाठी थेट दारात न जाता न्यायालयाकडेच मागणी करावी. संरक्षण आदेश मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

उदगीरच्या दृष्टीने कलम २७ सर्वांत मोलाचे. पीडित स्त्री तात्पुरती राहते त्या ठिकाणच्या न्यायालयातही अर्ज चालतो आणि आदेश साऱ्या भारतात लागू होतो. भालकीहून माहेरी आलेली लेक उदगीरला दाद मागू शकते. १९५६ ची सीमा तिच्या आड येत नाही. हा कायदा धर्मही विचारत नाही. शिवाय घटस्फोटित मुस्लिम स्त्रीला मेहेर आणि लग्नात मिळालेल्या वस्तू मिळण्याचा हक्क १९८६ च्या कायद्यानेही दिला आहे. उशीर झाला म्हणून हक्क बुडाला असेही समजू नये. स्त्रीधन अडवून ठेवणे हा चालू राहणारा अपराध आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने कृष्णा भट्टाचार्जी प्रकरणात २०१५ साली सांगितले. सासऱ्याच्या नावावरचे घरही, ती तेथे नांदत असेल तर, तिच्या राहण्याच्या हक्कापलीकडचे नाही, हे २०२० च्या सतीश चंदर आहुजा निकालाने ठरले.

तरीही कायदा पेटीपर्यंत पोहोचतो तो कागदाच्या आधाराने. पेटीत काय होते हे सांगणारे चार ओळींचे टिपण नसेल, तर आदेश हाती असूनही पंचांसमोर वादच उरतो. साहित्याचे शिक्षक दरवर्षी वर्गात निबंध आणि पत्रलेखन शिकवतात. लग्न ठरलेल्या मुलीला स्वतःच्या वस्तूंची, स्वतःच्या अक्षरातली, सहीची यादी करायला शिकवणे हेही लेखनच आहे. ती यादी माहेरी ठेवावी.